लायनर मागवण्याआधी तेल कुठून आलं ते बघा: निपाणीच्या वाचकाला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. जुन्या ट्रकच्या मागच्या चाकाला तेल दिसलं की लगेच लायनर (ब्रेकच्या ड्रमवर घासून चाक थांबवणारी पट्टी) मागवू नका, आधी तेलाचा माग काढा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: "कारखाने सुरू झालेत, ऊस तोडून फडात पडलाय. गाडी एक दिवस थांबली तर टोळीचा खाडा आम्हीच भरायचा. तुम्ही सांगताय चॉकनं खुणा करा, ड्रमचं तापमान बघा. आमचे मिस्त्री काय खुळे हाईत काय? सील बदलायचं, लायनर टाकायचं, स्लॅक आवळायचा, गाडी रस्त्याला." आणि शेवटी लिहिलंत की तुमच्याच गाडीचं मागचं डावं चाक तापतंय, ड्रमखाली तेल ओघळलंय आणि मिस्त्रींनी तात्पुरता त्या चाकाचा स्लॅक, म्हणजे ब्रेक किती आवळलेला राहील ते ठरवणारा लिव्हर, सैल करून दिलाय.

शेवटचं वाक्य वाचून मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. त्याकडे येतोच, पण आधी हंगामाचं बोलतो.

तोडलेला ऊस वाळला की वजन घटतं, पैसे जातात. हुक्केरी, चिक्कोडी, संकेश्वर, कुठल्याही गावात विचारा, नोव्हेंबरपासून पुढं गाडी उभी ठेवायला कुणी तयार नसतं. म्हणूनच मी तपासणीचा आग्रह धरतो. लायनर बदलायचे म्हणजे जोडचाकं काढा, एक्सल ओढा, चेकनट (हब जागेवर धरणारा नट) सोडा, हब (चाकाचा मधला भाग) आणि ड्रम उतरवा. एवढं करून तेलाचं मूळ कारण तसंच राहिलं, तर नवे लायनर काही खेपांतच भिजतात आणि तीच मेहनत पुन्हा. मी सांगितलेली बहुतेक तपासणी चाक न काढता, तासाभराच्या आत होते. मिस्त्री खुळे नाहीत. त्यांच्या हातात काय कसब आहे ते मी वर्कशॉपात वर्षानुवर्षं पाहिलंय. पण गाडी दारात लावून "संध्याकाळपर्यंत द्या" म्हणणारे मालक आपणच, आणि घाईत कारण शोधायला सवड मिळत नाही.

आता तेल. मागच्या ड्रममध्ये ओल तीन ठिकाणांहून येऊ शकते, आणि ती बोटावर घेऊन ओळखता येते. गंधकासारखा उग्र वास आला तर ते क्राऊनचं, म्हणजे मागच्या एक्सलच्या मधल्या दातेरी चाकांचं, गिअर ऑइल. घट्ट, वास कमी, रंग बेअरिंगच्या ग्रीससारखा असेल तर हबचं ग्रीस. आणि गाडी हायड्रॉलिक ब्रेकची असेल, म्हणजे टाटा 407 सारखी लहान, तर व्हील सिलिंडरमधून ब्रेक ऑइल गळत असणार. ते ओळखायला त्याचा थेंब पाण्यात टाका: ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं, गिअर ऑइल वर तरंगतं.

गिअर ऑइल निघालं की सगळे सीलवर, म्हणजे तेल अडवणाऱ्या कड्यावर, बोट ठेवतात. सील खराब असेलही, पण ते का खराब झालं? मागच्या एक्सलच्या हाउसिंगच्या (बाहेरच्या कवचाच्या) वर एक छोटा ब्रीदर, म्हणजे हवा सोडणारी तोटी, असते. गाडी चालते तसं क्राऊनमधलं तेल आणि हवा तापून फुगते, ती हवा ब्रीदरनं बाहेर पडायला हवी. फडातल्या चिखलानं, काळ्या मातीनं तो बुजला की कुकरची शिट्टी अडकल्यासारखं होतं, आणि दाब बाहेर पडायला सगळ्यात कमजोर जागा शोधतो, ती म्हणजे सील. नवीन सीलही तिथं टिकत नाही. ब्रीदर काढून डिझेलनं धुवा, फुंकून हवा आरपार जाते का बघा. काम पाच मिनिटांचं, खर्च शून्य.

त्याच वेळी क्राऊनची लेव्हल बघा. गाडी सपाट जागेवर, तेल भरण्याच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत हवं, त्याहून वर नको. "जास्त घातलं तर काय बिघडतं" म्हणून भरलेलं जादा तेल हाउसिंगच्या नळीतून हबकडे सरकतं. आणि ते फक्त लायनर भिजवून थांबत नाही, हबमधलं ग्रीस धुऊन काढतं. मग बेअरिंग कोरडं पडतं, खेळ (ढिलेपणा) वाढतो, हब डुगडुगतो, आणि त्या हलण्यानं नवं सीलसुद्धा एका बाजूनं घासून खराब होतं. म्हणून सील गेलं की ते बसतं ती जागा आणि बेअरिंग पाहिल्याशिवाय हब परत चढवू नये.

या गाड्यांचा मागचा एक्सल फुल फ्लोटिंग असतो. गाडीचं वजन हाउसिंगवर बसवलेली दोन टेपर बेअरिंग पेलतात, आणि ज्याला आपण नुसतं एक्सल म्हणतो तो शाफ्ट फक्त चाक फिरवतो. त्यामुळं एक्सल तुटला तर गाडी जागेवर थांबते, चाक निघून पडत नाही. बेअरिंग किंवा चेकनट गेला, तर मात्र हबसकट चाकच सुटू शकतं. यातलं कुठलं जास्त धोक्याचं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

खेळ तपासायचा तो असा. पुढच्या चाकांना दगड लावा, मागचा एक्सल जॅकनं उचला, खाली घोडी (आधाराचा स्टँड) द्या. जोडचाक हातानं हलत नाही म्हणून टायरखाली पहार घालून वर-खाली करा. खेळ जाणवला तर एकाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंगकडे बघा. तसाच राहिला तर पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), यू-बोल्ट, सेंटर बोल्ट तपासा. टेपर बेअरिंगला साधारण 1 ते 5 थाऊ (इंचाचा हजारावा भाग), म्हणजे 0.025 ते 0.125 मिमी मोकळीक ठेवतात. ती डायल गेजनंच कळते, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असेल तो आकडा घ्या. चेकनट अंदाजानं करकचून आवळला तर बेअरिंग आठवड्यात निळं पडतं.

आवाजाचंही ऐका. गिअरमध्ये आणि मोकळ्यात सारखाच घरघर आवाज, वेगाबरोबर वाढणारा, तो बेअरिंगचा. ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की बदलणारा आवाज क्राऊन-पिनियनचा. पुढं-मागं घेताना 'टक' होत असेल तर आधी एक्सलच्या फ्लँजचे नट आणि जॉइंटचा क्रॉस. फक्त ब्रेक लावताना गाडी हादरत असेल तर ड्रम अंडाकृती झालाय का ते बघा. एअर ब्रेकच्या गाडीत हा हादरा पॅडलला लागत नाही, त्यामुळं ड्रायव्हरला तो पाट्यांचा वाटतो.

आता तुमचं तापणारं डावं चाक. तापमान कधी घेतलं यावर अर्थ ठरतो. घाट उतरून आल्यावर सगळे ड्रम गरम असतात, तिथं जो थंड असतो तो आजारी, कारण तो कामच करत नाही. सपाट रस्त्यावर ब्रेक न लावता आल्यावर मात्र जो तापलाय तो आजारी. ड्रमचा काठ तापला असेल तर ब्रेक धरून बसलाय. मधला हब जास्त तापला असेल तर बेअरिंग. साधा इन्फ्रारेड थर्मामीटर इथं हातापेक्षा खरं सांगतो, आणि हातही भाजत नाही.

काठ तापला असेल तर ब्रेक सोडून चेंबरचा, म्हणजे हवेच्या दाबानं ब्रेक लावणाऱ्या डब्याचा, पुशरॉड बघा. रॉड पूर्ण आत गेलाय पण चाक जड फिरतंय, तर कॅमशाफ्टचा (शू पसरवणाऱ्या दांड्याचा) बुश अडकलाय किंवा शूची, म्हणजे लायनर बसवलेल्या भागाची, स्प्रिंग तुटलीय. रॉड बाहेरच राहिला, तर चेंबरचा पाइप हळूच सैल करा. हवा निघून चाक सुटलं तर दोष व्हॉल्व्हमध्ये, तरीही रॉड आत गेला नाही तर चेंबर किंवा कॅम. पण मागचा चेंबर स्प्रिंग ब्रेकचा, म्हणजे दोन डब्यांचा असेल, तर त्याचा क्लॅम्प कुणालाही उघडू देऊ नका. आतली स्प्रिंग प्रचंड ताकदीची असते, ती बोल्टनं आवळून बंद केल्याशिवाय उघडली तर माणूस जातो.

आणि तो सैल केलेला स्लॅक. चाक तापायचं थांबेल, खरं आहे, कारण त्या चाकाचा ब्रेकच काढून घेतलाय. 400 मिमीचा बिडाचा ड्रम 250 अंशांनी तापला की व्यास साधारण 1.1 मिमी वाढतो, आणि कॅमच्या लिव्हरमुळं पुशरॉडला तो फरक कितीतरी पटींनी जास्त लागतो. स्लॅक आधीच सैल असेल तर घाटात मग पुशरॉड टोकाला जाऊन टेकतो. टाकीत हवा आहे, पॅडल नेहमीसारखं आहे, पण ब्रेक नाही. संकेश्वरकडून भरलेली गाडी तवंदी घाटानं निपाणीला उतरवताना हे होऊ नये. टाकीत 6 ते 7 बार हवा ठेवून, रॉडवर चेंबरच्या तोंडाशी चॉकची रेघ मारून ब्रेक दाबा आणि रेघ किती सरकली ते मोजा. 30 नंबरच्या साध्या चेंबरला 2 इंचांच्या पुढं गेली तर गाडी भरू नका. दोन्ही बाजूंची मापं जवळपास सारखी हवीत.

तेल पिलेला लायनर पेट्रोलनं धुऊन किंवा जाळून वापरण्याची रीत आपल्याकडं आहे. वरून तो सुकलेला दिसतो, तापला की आतलं तेल परत वर येतं, आणि जाळल्यानं चिकटवणारं रेझिन मरतं. जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रम उघडल्यावर कंप्रेसरनं फुंकू नका, ओल्या फडक्यानं पुसा. पोरं तोंडाला काही न बांधता ती धूळ उडवत असतात, ते बघवत नाही. लायनर बदलायचेच झाले तर डावा-उजवा दोन्ही, एकाच प्रतीचे.

तुमच्यासाठी क्रम एवढाच: आज रात्री गाडी रिकामी करून ब्रीदर आणि लेव्हल, सकाळी पुशरॉडचं माप आणि पहारेनं खेळ, मग हब उघडायचा की नाही ते ठरवा. तोपर्यंत भरून पाठवू नका. दोन्ही बाजूंची मापं आणि तेलाचा वास कसा होता ते इथंच लिहा, मी त्याच दिवशी उत्तर देतो.