बटावी कुठे गेले?

रोमन सम्राट व्हॅलेन्स लढाईत मेला, पण त्याचं प्रेत काही सापडलं नाही. माझ्या व्हॅलेन्सचं मात्र सापडतं. दर गुरुवारी रात्री साडेनवाच्या सुमारास, नॉटिंगहॅममधल्या एका चर्चच्या हॉलमध्ये, चहाच्या कपाशेजारी तो आडवा पडलेला असतो. उंची पंधरा मिलिमीटर, अंगावर जांभळा झगा. त्याला उचलून मी डब्यात ठेवतो आणि बस पकडतो.

नोकरीसाठी इथे आलो तेव्हा या भागाला 'लेड बेल्ट', म्हणजे शिशाचा पट्टा, म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं. खेळातले धातूचे सैनिक ओतणारे इथे इतके, की केस पिकलेली माणसं संध्याकाळी ब्रश धुताना दिसली तरी कुणाला नवल वाटत नाही. मीही त्यांच्यातलाच झालो. आमचा खेळ 'डीबीए', म्हणजे टेबलावर जुन्या लढाया लढायचा. दोन फुटी चौकोनी मैदान, दोन्हीकडे बारा-बारा तुकड्या. समोरच्यापेक्षा आधी चार गमावल्या की कारभार आटोपला. मला लढाई मिळाली व्हॅलेन्स मेला तीच, एड्रियानोपलची, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या एदिर्नेची, ९ ऑगस्ट ३७८. रोमन मीच, कारण रोमनांशी लढलेले गॉथ टोळीवाले समोरच्या गृहस्थांकडे आहेत. आणि गाड्याही. गाड्यांचं कडं करून गॉथ आत बसले होते ना, त्या गाड्यांची चाकंसुद्धा त्यांनी हाताने केली आहेत. अशा माणसाला आपण काय हरवणार!

बाहेरच्याला वाटतं, सैन्य आपलं, हलवायचं आपणच. तसं नाही. दर पाळीला एकच फासा टाकायचा, जितके ठिपके तितकेच हुकूम. एका हुकुमात एक तुकडी, किंवा ओळीने चिकटून उभ्या असलेल्या तुकड्या हलतात. मला एक पडतो. मग डावीकडचं घोडदळ जातं आणि बाकीचं सैन्य जागेवर. वऱ्हाडाच्या बसमध्ये नवऱ्यामुलाचा मामा एकटाच चढून बसावा आणि बाकी मंडळी हॉलच्या दारात पान खात उभी राहावीत, तसं. पुढच्या पाळीला त्या मामाला परत बोलवावं म्हटलं, तर पुन्हा एकच.

त्यात ढाली. 'नोटिशिया डिग्निटाटम' नावाच्या रोमन यादीच्या हस्तलिखितांत पलटणींच्या ढालींवरची चित्रं दिलेली आहेत. म्हणजे मनाला येईल तो रंग फासायची सोय नाही. माझी ढाल शर्टाच्या बटणाहून लहान, तिच्यावर वर्तुळात वर्तुळ काढायचं आणि तेवढ्यात शिंक येते. बटावी पलटणीचे चार सैनिक संपवायला मला तीन रविवार लागले. दिवाळीसाठी सांगलीहून आलेली आई माझ्या खांद्यावरून बघत होती.

"यांना मिशा कशा नाहीत रे?"

"रोमन आहेत, आई."

"असू देत की. शिपाई म्हटल्यावर मिशा नकोत?"

असं म्हणून ती माझ्या लेकीला घेऊन मागच्या अंगणात माती कालवायला गेली. मी वॉर्निश मारून बटावी स्वयंपाकघराच्या खिडकीत वाळत ठेवले.

गुरुवारी डबा भरायला घेतला तर तुकड्या अकराच. खिडकीत बटावी नाहीत. फ्रिजखाली नाहीत, सोफ्यात नाहीत, चिवड्याच्या डब्यात नाहीत (तिथे बघण्याचं कारण निराळं होतं). बायको म्हणाली, "आज नको जाऊस. शनिवारी घर आवरताना सापडतील." पश्चिमेहून पुतण्या ग्रेशियन फौज घेऊन निघाला होता, तो येईपर्यंत थांबा, असं व्हॅलेन्सलाही सांगितलं होतं. तोही थांबला नाही.

समोरच्या गृहस्थांना मी घडलं ते सांगितलं. ते इतके खूश झाले की मला बिस्किट दिलं. म्हणाले, "अगदी बरोबर आहे. तेव्हाही सापडले नव्हते."

आणि हे खरं आहे. त्या काळचा इतिहासकार अमिआनुस, जो स्वतः फौजेत राहून आलेला, लिहून गेलाय: सम्राटाभोवतीचं कडं तुटलं, तेव्हा व्हिक्टर नावाचा सेनानी राखीव ठेवलेल्या बटावींना आणायला धावला. तिथे कुणीच नव्हतं. मग तोही तिथूनच मागे फिरला. सोळाशे वर्षांपूर्वीची पलटण हरवली तर तिचा इतिहास होतो. माझी हरवली की घरात पसारा कोण करतं यावर चर्चा होते.

खेळ सुरू झाला. गॉथांचा म्होरक्या फ्रिटिगर्न, त्याने त्या दिवशी बोलणी लांबवली होती, दूतावर दूत पाठवले होते, माळरानावर आगी लावल्या होत्या. रोमन भुकेले-तहानलेले उन्हात उभे, आणि गॉथांचं घोडदळ अजून वाटेवर. आमचे गृहस्थ दूत पाठवत नाहीत. ते मोजपट्टी काढतात, चष्मा पुसतात, चहात बिस्किट बुडवतात, ते तुटतं, चमच्याने काढतात. तोपर्यंत हॉलच्या हीटरशेजारी बसून माझी शुद्ध हरपू लागते. मग त्यांना सहा पडतो. सहा! घोडदळ टेकडीवरून खाली आलं आणि माझी डावी बाजू गेली, तो मामासुद्धा. लान्सिआरी नावाची माझी पलटण, तिचे सैनिक शेवटपर्यंत टिकले, तेव्हाही तेच टिकले होते. राखीव तुकडी ठेवायची ती जागा मात्र रिकामी. साडेनवाला जांभळा झगा आडवा.

घरी आलो तेव्हा पाऊस लागला होता. मागचा दिवा चालू राहिलेला, म्हणून अंगणात गेलो. किल्ला झाला होता. वर महाराज, पायथ्याशी हळिवाचं शेत, बुरुजाएवढा वाघ, आणि महादरवाज्यात, चिखलात घोट्यापर्यंत रुतून, चार बटावी. चौघांनाही काळ्या पेनाने झुपकेदार मिशा.

दारात आई उभी होती.

"आई, अगं ही माझी राखीव फौज!"

"मग? राखायलाच तर उभी केलीये."