नाव काढलं!

परवा न्यूयॉर्कला, फिफ्थ ॲव्हेन्यूच्या ऐन गर्दीत, मला जोराची लागली. त्या रस्त्यावर माणसाला हिऱ्याची अंगठी मिळते, संडास मिळत नाही. भाचीनं समोरच्या काळ्या काचेच्या इमारतीकडे हनुवटी उडवली. दारावर सोनेरी अक्षरं : ट्रम्प टॉवर.

"खालचं दालन सार्वजनिक आहे, मामा. ते लोकांसाठी उघडं ठेवायच्या बदल्यात जादा मजले बांधायला मिळाले होते. तुझा हक्कच आहे, जा."

"आणि तू?"

"मी त्या नावाखाली पाऊल टाकणार नाही. आणि आत काही विकत घेऊ नकोस. कॉफीसुद्धा नाही!"

अगं बाई, आत्ता कॉफी कोण पिणार?

दारात पिशवी तपासून झाली. आत गुलाबी संगमरवर, चकचकीत पितळ आणि भिंतीवरून धो धो कोसळणारा ६० फुटी धबधबा. माझ्या अवस्थेतल्या माणसानं हे पाहू नये, ऐकू तर मुळीच नये. इमारत ५८ मजल्यांची, पण मजल्यांचे आकडे ६८ पर्यंत जातात म्हणे. मला फक्त एक मजला खाली जायचं होतं.

खाली नेणारा सरकता जिना म्हणजे तोच. १६ जून २०१५ रोजी ट्रम्प पत्नीच्या मागे उभे राहून त्याच्यावरून उतरले आणि अध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर केली. मी घाईघाईनं उतरलो, तर पायथ्याशी "एक्सक्यूज मी!" पांढरेशुभ्र नवे बूट घातलेले एक काका, शेजारी काकू. उच्चारावरूनच कळलं, आपलेच. मी मराठी असल्याचं लपवलं. परदेशात मराठी माणूस भेटला की आधी गाव निघतं, मग आडनाव, मग दोघांच्या ओळखीचा एखादा मेव्हणा. तेवढी सवड माझ्याकडे नव्हती.

काकांनी फोन माझ्या हातात कोंबला आणि इंग्रजीत दिग्दर्शन केलं : आम्ही वर जातो, उतरताना शूटिंग करा. काकू दोन पायऱ्या पुढे, काका मागे अंगठा वर करून. पहिल्या खेपेला काकू जिन्याच्या दात्यांकडेच बघत आल्या.

"अगं, हात हलव!"

"पडेन ना!"

"मेलानिया पडली का?"

"रोज टीव्हीसमोर बसून शिव्या घालता त्या माणसाला, आणि आता..."

"तो विषय वेगळा. जिना वेगळा."

दुसऱ्या खेपेला मध्ये एक पोरगं घुसलं. पळावं तर त्यांचा फोन माझ्या हातात. मागे धबधबा चालूच.

खरं तर काकांचा हा न्याय जगभर चालतो. ट्रम्प यांच्या नावाच्या कितीतरी इमारती त्यांच्या मालकीच्या नसतातच, नुसतं नाव भाड्यानं घेतलेलं असतं. पुण्यात आणि मुंबईतही त्या नावाचे मनोरे आहेत. आपल्याकडे पोरानं घराण्याचं नाव काढलं की पेढे वाटतात. न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड बुलेव्हार्डवर २०१६ मध्ये भाडेकरूंनी सह्या गोळा केल्या आणि तीन इमारतींवरचं नाव खरोखरच काढलं, अक्षरं उतरवून. न्यूयॉर्कच्याच सोहो भागातलं ट्रम्प हॉटेल २०१७ च्या अखेरीस 'डॉमिनिक' झालं. २०१८ मध्ये पनामातल्या हॉटेलचंही बारसं पुन्हा झालं. उलट शिकागोत २०१४ साली २० फूट उंच अक्षरं लावली. नावं ठेवणारे ठेवतात, लावणारे लावतात. आणि एवढ्या मोठ्या शहरात सार्वजनिक मुतारी मात्र कोणाच्याच नावानं बांधत नाहीत! माझ्या वयाच्या माणसानं रस्त्यावर काय करावं, हे एकदा कोणीतरी सांगावं. ही गंमत नाही.

तिसरी खेप उत्तम वठली. अंगठा वर, काकूंचा हात हलतोय, चेहऱ्यावर हसूही. काकांनी फोन घेतला, पाहिला आणि बायकोला शुद्ध मराठीत म्हणाले, "या येड्यानं बटणच दाबलं नाही. जाऊ दे, गरीब दिसतोय. डॉलर दे त्याला."

काकूंनी दिला. मी घेतला. मराठीत उत्तर द्यायचं तर चौथी खेप आली असती, म्हणून 'थँक यू' म्हटलं आणि सुटलो.

बाहेर भाची हाताची घडी घालून उभी. "एक पैसा तरी खर्च केलास आत?"

"नाही. उलट मिळाला."

सगळं ऐकून ती म्हणते, त्या इमारतीतला पैसा नको, कुठेतरी दान करून टाक. मी मुळीच करणार नाही. तीन खेपा उभा होतो मी, तोही तशा अवस्थेत.