वारा, काटकोन आणि गुळाचा खडा

चौथीला कोन शिकवायचे तर कागदी विमानातून शिकवावेत, ही कल्पना माझीच. कुणी आदेश काढला नव्हता. रात्री सुचली आणि सकाळपर्यंत टिकली, तिथंच घात झाला.

उजळाईवाडीला १९३९ पासून विमानतळ आहे. त्यामुळे कोल्हापुरातल्या वर्गात 'विमान' म्हटलं की 'माझा मामा तिकडंच असतोय' म्हणणारी तीन पोरं निघतातच. त्यांना गप्प करून कागद वाटले. मधोमध घडी. दोन्ही कोपरे मधल्या रेषेवर. काटकोन निम्मा झाला, किती? "पंचेचाळीस!" वर्ग दणाणला. पुन्हा निम्मा करा. साडेबावीस म्हटल्यावर मात्र कपिलतीर्थ मंडईतली घासाघीस सुरू झाली. "साडे कशाला सर, बावीसच घ्या की!"

सममितीचा धडा विमानांनीच घेतला. ज्याचा डावा पंख बोटभर मोठा, ते उजवीकडे कलंडलं आणि खिडकीतून थेट मुख्याध्यापकांच्या चहात.

मग मी फळ्यावर पंखाचा छेद काढला. वरून फुगीर, खालून सपाट. वरच्या हवेला रस्ता लांबचा, पण पलीकडे खालच्या हवेबरोबर पोचायचं, म्हणून ती पळते. वेग वाढला की दाब कमी, म्हणून पंख वर. पंधरा वर्षं हेच सांगतोय, आवाजसुद्धा ठरलेल्या जागी चढतो.

शेवटच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, त्या दोघींनी एकदमच पोचायचं असं कुणी सांगितलंय? रंकाळा स्टँडवर भेटायचं ठरलंय व्हय?"

वर्ग हसला. मीही हसलो, पण जरा कमी वेळ.

रात्री वाचून पाहिलं. कसलं ठरलंय! वरची हवा पळते हे खरं, पण ती खालचीच्या आधीच पुढं निघून जाते, कुणासाठी थांबत नाही. पंख हवेला खाली ढकलतो, हवा पंखाला वर; न्यूटननं १६८७ साली छापलेला तिसरा नियम. आणि आमच्या कागदी पंखाला फुगवटा होता कुठं? सपाट कागद माझ्या फळ्याकडे ढुंकूनही न बघता तासभर उडत होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात कबूल केलं, "काल चुकीचं सांगितलं." तोच पोरगा मोठ्या मनानं म्हणाला, "असू दे सर. राईट बंधूंचं पण पहिल्यांदा बाराच सेकंद उडालं की." १७ डिसेंबर १९०३, १२ सेकंद, १२० फूट. हे मीच त्याला पाठ करून घेतलं होतं.

तेवढ्यात पहिल्या बाकावरची पोरगी उठली. "सर, मी उडवतो." (आमच्याकडं पोरीही 'उडवतो'च म्हणतात, व्याकरणाच्या तासाला ते वेगळं दुखणं.) तिचं विमान न डगमगता सरळ फळ्यापर्यंत गेलं. उचलून बघतो तर नाकाला गुळाचा खडा चिकटवलेला. वजन पुढं हवं, हे मी पुढच्या आठवड्यात शिकवणार होतो.

नमुना म्हणून ते कपाटात ठेवलं. सोमवारी दार उघडलं तर मुंग्यांची रांग, कपाटाच्या कोपऱ्यावर बरोबर काटकोनात वळलेली.