अर्थची पिन काढू नका, आणि इतर तीन दुरुस्त्या

घरी गाणं रेकॉर्ड करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सतत फिरतो. थोडक्यात असा: स्टुडिओ मॉनिटर (म्हणजे रेकॉर्डिंग पारखून ऐकायचे स्पीकर) लॅपटॉपच्या हेडफोन जॅकला लावले तर पैसे पाण्यात, इंटरफेस (कॉम्प्युटरला माइक आणि स्पीकर जोडणारी वेगळी पेटी) घ्या आणि सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाची किती मोजमापं घ्यायची ते) १९२ किलोहर्ट्झ ठेवा, घरघर आली तर प्लगची अर्थची पिन काढा, मॉनिटर मुळातच फ्लॅट (खर्जापासून तीव्र सुरांपर्यंत काहीही कमी-जास्त न करणारे) असतात, त्यामुळे आवाज अचूक मिळणारच. तिसरा सल्ला जिवावर बेतणारा आहे, म्हणून सुरुवात तिथून.

ती जाडी पिन काढली की घरघर बऱ्याचदा थांबते, हे खरं. पण उद्या आतली लाइव्ह वायर मॉनिटरच्या धातूच्या भागाला टेकली, तर करंटला जमिनीत जायला वाट उरत नाही. मग तो तुमच्या हातातून जातो. घरघरीचं मूळ असं, की मॉनिटर आणि लॅपटॉपचा चार्जर दोन वेगवेगळ्या सॉकेटमधून अर्थला जोडले जातात, मध्ये ऑडिओ केबलचं शील्ड (तारांभोवतीचं धातूचं आवरण) असतं, आणि या वेटोळ्यात आपली ५० हर्ट्झची वीज गुणगुणत बसते. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा. आवाज थांबला की चोर सापडला. सगळे प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणा. तरीही राहिलीच, तर बॅलन्स्ड केबल. तिच्यात तोच सिग्नल दोन तारांतून सुलट-उलट जातो आणि मॉनिटर दोघांची वजाबाकी करतो. वाटेत शिरलेला कचरा दोन्ही तारांत सारखाच असल्यामुळे वजा होतो.

हेडफोन जॅक बदनाम झाला तो बऱ्याच अंशी याच वजाबाकीमुळे. माझ्या एका मित्राने दुकानातून एका टोकाला छोटी आणि दुसऱ्या टोकाला मोठी स्टिरिओ पिन असलेली केबल आणली आणि थेट मॉनिटरच्या बॅलन्स्ड सॉकेटमध्ये खुपसली. अभंग लावला तर टाळ वाजतायत, पेटीची सावली ऐकू येतेय आणि गायिका गायब! मॉनिटरने डाव्यातून उजवा वजा केला होता, आणि गाणारा आवाज दोन्हीकडे सारखाच असतो. उपाय साधा: ३.५ मिमी स्टिरिओपासून दोन मोनो ६.३५ मिमी पिना फुटणारी केबल, एकेका मॉनिटरला एकेक. जॅकमधून आवाज हळू येतो कारण घरगुती उपकरणांची ठरलेली पातळी सुमारे ०.३२ व्होल्ट, स्टुडिओची १.२३ व्होल्ट. फरक जवळपास १२ डेसिबलचा. बहुतेक मॉनिटरच्या पाठीवर त्यासाठीच गेनचं, म्हणजे आत येणारा सिग्नल वाढवायचं, बटण असतं. इंटरफेस जरूर घ्या, पण माइकसाठी, बॅलन्स्ड आउटपुटसाठी आणि हाताशी येणाऱ्या मोठ्या व्हॉल्यूमच्या नॉबसाठी.

१९२ किलोहर्ट्झबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ४४.१ किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटमध्ये सुमारे २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो. माणसाचा कान २० च्या पुढे जात नाही, चाळिशीनंतर तर बराच अलीकडेच थांबतो. फाइलचा जो रेट, तोच कॉम्प्युटरवर ठेवा. आणि विंडोजमधलं ‘ऑडिओ एन्हान्समेंट’ बंद करा, त्याने जास्त फरक पडेल.

राहिला ‘फ्लॅट’. यामाहाचा एनएस-१० हा १९७८ चा स्पीकर घरगुती ऐकण्यासाठी काढलेला, अजिबात फ्लॅट नव्हता, काही इंजिनिअर त्याच्या ट्वीटरवर (तीव्र आवाज काढणाऱ्या छोट्या स्पीकरवर) टिश्यू पेपर चिकटवायचे. तरी जगभरच्या स्टुडिओंत तो मिक्सर टेबलावर जाऊन बसला. आणि मॉनिटर खरोखर फ्लॅट असला तरी खोली नसते. आपली ठरलेली दहा बाय दहाची खोली घ्या. तिथे ५६ हर्ट्झच्या आसपासचा आवाज लांबीत आणि रुंदीत एकदमच साठतो. मधोमध बसलात तर तो जवळजवळ नाहीसा होतो, मागच्या भिंतीला टेकलात तर घुमतो. मॉनिटर भिंतीपासून ८६ सेंटीमीटरवर असला, तर परतून आलेली लाट १०० हर्ट्झला खड्डा पाडते. डग्गा पोकळ वाटला की लोक केबल बदलतात!

त्यापेक्षा ट्वीटर कानाच्या उंचीला आणा, दोन मॉनिटर आणि डोकं यांचा समभुज त्रिकोण करा, खुर्ची फूटभर पुढे-मागे सरकवून ऐका. मग घरातल्या कुणाला तरी बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत न्यायला सांगा. खुर्चीतून आरशात जिथे ट्वीटर दिसेल, तिथूनच आवाज भिंतीवर आपटून कानाकडे येतो; तिथे जाड गोधडी टांगा.