नेटवर्क लपवणारा क्लास सोयीचा नसतो

सर्व्हरवरच्या वस्तूंसाठी पायथनमध्ये क्लास लिहिताना तो इतका पारदर्शक असावा की वापरणाऱ्याला मधले नेटवर्क जाणवूच नये, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्यासाठी तीन कारणे सांगतात: कोड वाचनीय होतो, चुका नेहमीच्या एक्सेप्शनप्रमाणे हाताळता येतात आणि डेटा आपोआप ताजा राहतो. क्लास लिहावा, याबद्दल माझे दुमत नाही. जेसन या मजकूररूपी डेटा-स्वरूपातून आलेल्या डिक्शनऱ्या चिवडत बसण्यापेक्षा ते केव्हाही बरे. नेटवर्क लपवण्याला मात्र माझा ठाम विरोध आहे.

वाचनीयतेचे कारण आधी पाहू. 'ऑर्डर.ग्राहक.नाव' ही ओळ सुटसुटीत दिसते, पण 'ग्राहक' या प्रॉपर्टीच्या (गुणधर्मासारख्या वाचल्या जाणाऱ्या, पण आत कोड चालवणाऱ्या मेथडच्या) आत एचटीटीपी कॉल दडलेला असेल आणि हीच ओळ २०० ऑर्डरींच्या लूपमध्ये असेल, तर प्रत्येक फेरीला ५० मिलिसेकंद धरले तरी १० सेकंद नुसती वाट पाहण्यात जातात, आणि कोड वाचून त्याचा पत्ताही लागत नाही. खर्चिक कामासाठी प्रॉपर्टी टाळावी, कारण ठिपक्याने वाचलेली गोष्ट स्वस्तच असणार असे वाचणारा गृहीत धरतो, हे पायथनच्या पेप ८ या शैलीसंहितेतच नमूद आहे. डीबगरच्या खिडकीत अशी वस्तू नुसती उलगडली तरी सर्व्हरला विनंत्या जाऊ लागतात, हा त्रास मी स्वतः भोगला आहे.

दुसरे कारण मला सर्वांत घातक वाटते. स्थानिक फंक्शनने एक्सेप्शन दिले, तर निदान ते कुठवर पोहोचले हे शोधता येते. नेटवर्कवर टाइमआउट झाला, म्हणजे ठरलेल्या वेळात उत्तर आले नाही, तर विनंती पोहोचलीच नाही, काम अर्धवट राहिले, की काम पूर्ण होऊन फक्त उत्तर वाटेत हरवले, हे क्लायंटला कळायला मार्गच नसतो. अशा वेळी क्लासने आतल्या आत पोस्ट विनंती (सर्व्हरवर नवी नोंद करणारी विनंती) पुन्हा पाठवली, तर एकाच ऑर्डरच्या दोन ऑर्डरी होऊ शकतात. स्थानिक आणि दूरच्या वस्तूंतला हा फरक पुसता येत नाही, हे सन मायक्रोसिस्टिम्समधील जिम वाल्डो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ सालीच सविस्तर मांडले होते. भर म्हणजे एचटीटीपी विनंत्या पाठवणाऱ्या लोकप्रिय 'रिक्वेस्ट्स' लायब्ररीत टाइमआउट आपण दिल्याशिवाय लागूच होत नाही. म्हणजे वरवर साधी दिसणारी ओळ एक्सेप्शनही न देता अडकून राहू शकते.

तिसरे कारण तर टिकतच नाही. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवा वापरण्यासाठीच्या 'बोटो३' या पायथन लायब्ररीच्या रिसोर्स वस्तू पहिल्यांदा गुणधर्म वाचताना माहिती आणतात आणि रीलोड करेपर्यंत तीच जवळ ठेवतात. उलट, प्रत्येक वाचनाला नवी विनंती केली, तर लागोपाठच्या दोन ओळींत एकाच वस्तूच्या दोन वेगवेगळ्या अवस्था हाती येऊ शकतात. दुसऱ्याने मधल्या काळात केलेला बदल आपण पुसू नये म्हणून ईटॅग (वस्तूच्या आवृत्तीची खूण) आणि 'इफ-मॅच' (तीच आवृत्ती असेल तरच बदल करा, असे सांगणारा हेडर) वापरावे लागतात, आणि आवृत्ती जुळत नाही म्हणून सर्व्हरने ४१२ हा नकाराचा कोड दिल्यावर पुढे काय करायचे, हे वापरणाऱ्यालाच ठरवावे लागते.

म्हणून वस्तू ही सर्व्हरकडून आणलेली प्रत असावी, तिचे गुणधर्म नेटवर्कला न शिवता वाचता यावेत, आणि आणणे, जतन करणे, यादी एकदम मागवणे यांसाठी टाइमआउट घेणाऱ्या स्वतंत्र मेथड असाव्यात. हाच कोड पुढे असिंकआयओवर (वाट पाहताना इतर कामे चालू ठेवणाऱ्या पायथनच्या लायब्ररीवर) नेताना त्या मेथडींच्या कॉलआधी 'अवेट' हा थांबण्याची जागा दाखवणारा शब्द जोडता येतो, पण 'खाते.स्थिती' ला नेमलेले मूल्य आतून सर्व्हरवर लिहिले जात असेल, तर त्या नेमणुकीला 'अवेट' लावण्याची सोय भाषेतच नाही, आणि मग तो क्लास वापरणारी प्रत्येक जागा नव्याने लिहावी लागते.