चेकर टॅक्सीवरचा तो फॉरवर्ड

गुबगुबीत पिवळ्या टॅक्सीचा फोटो आणि खाली हा मजकूर, असा मेसेज फिरतोय: ‘चेकर टॅक्सी न्यूयॉर्कमध्ये बनायची, फक्त टॅक्सीवाल्यांनाच मिळायची, पंचवीस वर्षं तिच्यात काडीचा बदल झाला नाही आणि १९८२ मध्ये कंपनी बुडाल्यावर ती रस्त्यावरून गायब झाली.’ फोटो तेवढा अस्सल आहे.

कारखाना होता मिशिगनमधल्या कॅलामझूला. त्याआधीची सगळी कथा शिकागोची. रशियातल्या स्मोलेन्स्कहून आलेल्या मॉरिस मार्किन या शिंप्याने कपड्यांच्या धंद्यात कमावलेले १५,००० डॉलर मोटारींच्या बॉडी बनवणाऱ्या एकाला उसने दिले. तो अडचणीत आला आणि कारखानाच मार्किनच्या गळ्यात पडला! त्यातून १९२२ मध्ये चेकर कंपनी उभी राहिली. पिवळ्या रंगाचं श्रेयही न्यूयॉर्कला देऊ नका. शिकागोत जॉन हर्ट्झने १९१५ मध्येच ‘यलो कॅब’ काढली होती (हो, भाड्याच्या गाड्यांवाला तोच हर्ट्झ). पुढे १९२९ मध्ये ती मार्किनच्याच ताब्यात आली. न्यूयॉर्कने पिवळा रंग सक्तीचा केला तो थेट साठच्या दशकाच्या शेवटी.

‘फक्त टॅक्सीवाल्यांना’ हेही चूक. १९६० पासून ‘सुपर्बा’ आणि पाठोपाठ ‘मॅरेथॉन’ या नावांनी ही गाडी कुणालाही विकत मिळे, स्टेशन वॅगनसुद्धा.

बदल झाला नाही, हे मात्र वरवर पाहिलं तर खरं वाटतं. १९५६ चा बाह्याकार शेवटपर्यंत जवळजवळ तसाच राहिला. पण तो आळस नव्हता, हिशेब होता. वर्षाला जेमतेम काही हजार गाड्या काढणाऱ्या कंपनीला दरसाल नवे साचे परवडणार कसे? शिवाय ठोकर लागली की मडगार्ड बोल्ट काढून बदलता यायचं आणि जुन्या गाडीचं नव्या गाडीला चालायचं. टॅक्सीमालकांना तेच हवं होतं. बॉनेटखाली मात्र बदल होत राहिले: आधी कॉन्टिनेंटलचं इंजिन होतं, १९६५ पासून शेव्हरोलेचं आलं. सत्तरच्या दशकात नियमांमुळे बंपरही जाडजूड झाले.

आता शेवटचा मुद्दा. जुलै १९८२ मध्ये थांबलं ते गाड्यांचं उत्पादन. कंपनी त्यानंतरही जनरल मोटर्ससारख्यांना पत्र्याचे सुटे भाग पुरवत राहिली आणि दिवाळखोरीत गेली ती २००९ मध्ये. न्यूयॉर्कच्या रस्त्यावरची शेवटची चेकर टॅक्सी तर १९९९ पर्यंत भाडी मारत होती.