पेन्सिल चालते, बांबूची सुई चालत नाही

अमेरिकेत खटल्याचा निकाल द्यायला सामान्य नागरिकांना कोर्टात बोलावतात, ती ज्युरी ड्यूटी. तिच्या समन्सवर भाषा किती गोड! ‘बराच वेळ थांबावं लागू शकतं, वेळ घालवायला काहीतरी सोबत आणा.’ आणा ना! सकाळी आठला कोर्टाच्या दारात रांगेत उभं राहा, पट्टा काढा, पिशवी मशीनमधून जाऊ द्या, की पलीकडे गार्ड अर्धवट विणलेला मोजा दोन बोटांत धरून विचारणार, ‘हे काय आहे?’ अहो, मोजा आहे. पायात घालतात.

अमेरिकेतल्या कोर्टांत विणायच्या सुयांचा एक नियम नाही, हीच डोकेदुखी. एका काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) लाकडी चालतात, धातूच्या नाही. शेजारच्या काउंटीत सरसकट बंदी. तिसरीकडे दारावर कोण उभं आहे त्यावर सगळं. बंदीच्या यादीत चाकू, कात्री, मिरपुडीचा स्प्रे. सुयांचं कधी नाव असतं, कधी नसतं. फोन लावला तर रेकॉर्ड केलेला आवाज ज्युरीचे गट क्रमांक वाचून दाखवतो आणि गप्प. विमानतळावर तपासणी करणारी सरकारी संस्था, टीएसए, सुया केबिनमध्ये नेऊ देते. इथे मात्र ४ मिलिमीटरची बोथट बांबूची सुई म्हणजे शस्त्र, आणि आत गेल्यावर फॉर्म भरायला टोकदार पेन्सिल चालते!

बरं, काढून घेतलेली सुई परत मिळेलच असं नाही. ‘गाडीत ठेवून या, नाहीतर कचऱ्यात टाका.’ गाडी तीन चौक पलीकडे, हजेरीला पाच मिनिटं उरलेली. लाकडी सर्क्युलर सुई (दोन टोकं वायरने जोडलेली) बरी घ्यायची तर दहा-पंधरा डॉलर. कॅलिफोर्नियात ज्युररला दिवसाचे १५ डॉलर, तेही दुसऱ्या दिवसापासून. फेडरल (केंद्राच्या) कोर्टात ५० मिळतात, पण तिथे काही ठिकाणी फोनसुद्धा दारातच सोडावा लागतो, म्हणजे हात आणि डोळे दोन्ही रिकामे. (भारताने १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरी काढूनच टाकली. सुयांचा प्रश्नच मिटला.)

सुई गेल्याचं एक वेळ सोसेल. टाक्यांचं काय? मोज्याचे ६४ टाके सुईवरून ओढले की उघडे पडतात. त्यातला एक सुटला की खालचे टाके एकामागून एक उसवत सरळ शिडी. म्हणून सुरक्षा दोरी घरीच घाला: बोथट प्लास्टिकच्या सुईत वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा ओवून प्रत्येक टाक्यातून काढायचा, दोन्ही टोकं वीतभर मोकळी. केसाळ लोकर वापराल तर काढताना नाकी नऊ येतील. दातांचा फ्लॉस सगळ्यात उत्तम, डबीवरच कापायची सोय असते आणि कात्री न्यावी लागत नाही.

मोज्याच्या धातूच्या दुटोकी सुया तर नेऊच नका, पडद्यावर खिळ्यांच्या जुडीसारख्या दिसतात. ६० सेंटिमीटरची लाकडी सर्क्युलर, साडेचार मिलिमीटर, त्यावर सुती धाग्याचं भांडी पुसायचं फडकं: ४० टाके, सगळ्या ओळी सुलट. जाळीची वीण नको. तिथे मोजणी चालू असताना बरोबर सतराव्या टाक्याला नाव पुकारतात. सरळ सुयांवरचे टाके पिशवीत घसरतात, सर्क्युलरवर मधल्या वायरवर ढकलता येतात.

अर्धी ओळ सोडून उठलात तर परत बसल्यावर आधी धागा बघा. तो उजव्या सुईवरच्या टाक्यातून निघाला पाहिजे. डावीकडून निघत असेल तर काम उलटं धरलंय. तसंच विणत गेलात तर मध्ये भोक पडतं आणि एका बाजूला दोन ओळी जास्त होतात. प्रत्यक्ष कोर्टरूममध्ये पिशवी उघडूच नका, न्यायाधीशाची बोलणी बसतील.

एवढं सगळं सांभाळायचं, आणि दुपारी चारला कारकून येऊन सांगणार: दोन्ही पक्षांची तडजोड झाली, तुमची गरज नाही, घरी जा. सुया? त्या सकाळच्या कचऱ्यासोबत गेल्या.